बाळाच्या नावची डबी

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी रश्श्याचं विचारतात. तांबडा आवडला की पांढरा? मग चपलांचं. मग अंबाबाईच्या रांगेचं. माझ्याकडे यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर नाही. लेकीचं सासर लिंगायत, त्या घरात अंडंसुद्धा येत नाही. चपला घ्यायचं सुचलं नाही. अंबाबाईच्या देवळात गेले खरी, पण तिच्यापुढे उभी राहिल्यावर काय मागायचं ते तोंडातून निघेना, म्हणून नुसते हात जोडून बाहेर आले. थोडक्यात सांगायचं तर मी कोल्हापुरात होते त्यातले बहुतेक दिवस घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसाला गाव दिसतं ते जरा वेगळंच दिसतं. ते सांगावं म्हणून हा खटाटोप.

आधी माझी ओळख करून देते. मी डोंबिवलीची. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये ‘आनंदवर्ग’ सुरू केला. आनंद ही सवय आहे, ती लावून घेता येते, असं मी तिथे शिकवते. रोज संध्याकाळी दिवसभरातल्या चांगल्या गोष्टी आठवायच्या, कुणाचे तरी मनापासून आभार मानायचे, वाईट विचार आला की त्याला दारातूनच परत पाठवायचं. बायका वर्गात येतात, हसतात, मला ‘मॅडम’ म्हणतात. मलाही ते सगळं खरं वाटतं. खरं वाटत होतं, असं म्हणू या.

माझी मुलगी मधुरा. तिचा नवरा शिवानंद, म्हणजे शिवा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर घर. घरात तिसरं माणूस म्हणजे शिवाच्या आई. त्यांना सगळी पेठ ‘अव्वा’ म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांचं माहेर पार सीमेवर, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि सगळं मोठ्यानं. आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बोलतो, पण अव्वांचा चेहरा मला कधी दिसत नाही. त्या फोन अशा काही धरतात की दिसतो तो त्यांचा गळा. त्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी. डबीत त्यांचं इष्टलिंग, म्हणजे रोज हातावर घेऊन पूजायचं स्वतःचं शिवलिंग. ते त्यांनी अंगावेगळं केलेलं कुणी पाहिलेलं नाही. मी गेली कित्येक वर्षं त्या डबीशीच गप्पा मारते आहे, असं आमचे हे म्हणतात.

एका सकाळी मधुराचा फोन आला. तिला आठवा महिना लागला होता. ती एवढंच म्हणाली, “आई, तू ये.” का, ते सांगितलं नाही. मला विचारायची गरजही नव्हती.

मंगळवार पेठ

रात्रीच्या गाडीनं सकाळी उतरले. स्टेशनवर शिवा आला होता. पाऊस थांबला होता, पण रस्ते ओले होते आणि बोळाबोळांतून दुधाच्या किटल्या घेतलेल्या सायकली धावत होत्या. एका रिक्षावाल्यानं दुसऱ्याला एवढ्या मोठ्यानं हाक मारली की मला वाटलं आता मारामारी होणार. तो म्हणाला, “काय वं, च्या पिलासा काय?” आमच्याकडे एवढ्या आवाजात फक्त भांडतात.

जिन्यातच अव्वा उभ्या. प्रत्यक्षात त्यांना चेहरा आहे, हे पाहून दर वेळी मला नवल वाटतं. गोल, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि डोळे असे की आपण काहीतरी लपवतोय असं वाटावं.

“आलासा व्हय विहीणबाई? वाळलाय की वं! खायाला घालत न्हाईत का कोण?” असं म्हणून त्यांनी माझी बॅग हिसकावून घेतली.

मधुरा आतल्या खोलीत पडून होती. मी जवळ बसले तर तिनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला. हाताखाली काहीतरी सरकलं. तिचा चेहरा सैल झाला. मग म्हणाली, “सकाळपासनं दुसऱ्यांदा हललं. मी जेवलो न्हाय अजून, तुझी वाट बघत हुतो.”

इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात. माझी लेक तसं बोलायला लागली होती. एरवी मी तिला चिडवलं असतं.

इथे मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मधुराचं हे दुसरं बाळंतपण. पहिलं आमच्याकडे डोंबिवलीला झालं. नवव्या महिन्यात एके दिवशी बाळाचं हलणं थांबलं आणि ते आमच्या लक्षात उशिरा आलं. मुलगी होती. जन्मली तेव्हाच गेलेली होती. अव्वा कोल्हापूरहून आल्या, त्यांनी तिला स्वतःच्या हातानं पुसलं, कपड्यात गुंडाळलं आणि एक इवलीशी चांदीची डबी तिच्या अंगावर ठेवली. त्यांच्यात माणसाला पुरतात, आणि माणसाबरोबर त्याचं लिंगही जातं. त्या मुलीच्या नावची डबी कुठून आली, तर त्यांच्या घरात रीत अशी आहे की आठव्या महिन्यात स्वामी येतात आणि पोटातल्या बाळाच्या नावचं लिंग आईच्या गळ्यात बांधतात. बाळ पोटात असल्यापासूनच देव त्याच्या सोबतीला. बाळ जन्मलं की ती डबी त्याची, जन्मभराची.

आता पुन्हा आठवा महिना लागला होता. देवघरात नवी डबी आणून ठेवलेली होती. आणि मधुरा ती बांधून घ्यायला तयार नव्हती.

दुपारी जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. आमच्या खिरीसारखी पातळ नसते, चमचा उभा राहतो. जेवणं झाल्यावर अव्वांनी मला गॅलरीत बोलावलं.

“तुमी शिकवतासा न्हवं लोकास्नी, सुखानं कसं ऱ्हावं ते? मग पोरीला समजवा की. डबी बांधू दे म्हनावं.”

संध्याकाळी मधुरा म्हणाली, “आई, अव्वांना तू सांग. मला ते बांधायचं नाही. त्यांना मी नाही म्हणू शकत नाही.”

अशी मी दोघींची वकील झाले. दोघींना मी एकच उत्तर दिलं, सगळं चांगलं होणार आहे. माझ्या वर्गात हे वाक्य छान लागतं. त्या घरात ते बोलल्यावर दोघीही नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पुढचे दोन-तीन दिवस मी माझा कार्यक्रम सुरू केला. संध्याकाळी मधुराजवळ बसायचं आणि दिवसभरातल्या चांगल्या गोष्टी विचारायच्या. ती सांगायची. डॉक्टरांनी सोनोग्राफी चांगली आहे म्हटलं. शेजारच्या काकूंनी जाईची फुलं दिली. पाऊस उघडला. शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं ती ते म्हणून दाखवायची, आणि तिचा हात सगळा वेळ पोटावर असायचा. माझी नजरही तिथेच असायची. ती जरा गप्प झाली की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे आणि उगाच धुतलेली भांडी धुवायचे.

आणि अव्वांकडे बघून मला हेवा वाटायचा. पहाटे आंघोळ करून त्या पाटावर बसायच्या. डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायच्या, त्याला पाणी, भस्म, बेलाचं पान, आणि मग त्याच्याकडे एकटक बघत बसायच्या. पूजेआधी पाण्याचा घोट नाही. मला वाटायचं, ही बाई किती शांत आहे. हिला श्रद्धा आहे, हिला कसली भीती! माझ्याकडे नुसती पुस्तकं.

पन्हाळा

पन्हाळ्याला जायची कल्पना माझी. लेक घरात कोंडून बसली आहे, तिला मोकळी हवा, हिरवळ दाखवली की मन प्रसन्न होईल, असा माझा शास्त्रशुद्ध विचार होता. डॉक्टरांनी सावकाश जा म्हणून परवानगी दिली. शिवानं गाडी काढली. अव्वा निघताना दारात थबकल्या आणि म्हणाल्या, “वर धुकं असतंय ह्या दिसांत.” मी म्हटलं, “तेच तर बघायचं!”

वर पोचेपर्यंत सगळं फार सुंदर होतं. दोन्ही बाजूंना ऊस आणि भात, मध्येच म्हशींचा कळप, त्यामागून छत्री धरून निवांत चाललेला म्हातारा. मधुरा खिडकीतून बघत होती आणि चक्क हसली. गडावर एका झुणका-भाकरीच्या टपरीपाशी थांबलो. टपरीवाल्या बाईनं बाकावरचं पाणी पुसलं आणि म्हणाली, “बसा की पावणं. बाळंतीण व्हायची हाय न्हवं? गरम खा.” भाकरी अशी पातळ आणि फुगलेली की माझ्या पोळ्यांना लाज वाटावी. मी तिचे अगदी मनापासून आभार मानले. ती म्हणाली, “त्यात काय, इकतोय की मी.”

जेवता जेवता धुकं आलं. आधी समोरची तटबंदी दिसेनाशी झाली, मग झाडं, मग आमचीच गाडी. मला मौज वाटत होती. मी फोटो काढत होते. तेवढ्यात मधुरानं हातातला तुकडा ताटलीत ठेवला.

“आई, बाळ हलत नाही.”

मी म्हटलं, “झोपलं असेल.”

“घाट लागल्यापासून हललेलं नाही. मला वाटलं हललं, पण ते गाडीचं होतं.”

टपरीवाल्या बाईनं काही न विचारता गुळाचं पाणी करून दिलं. मधुरा ते प्यायली, डाव्या कुशीवर बाकावरच आडवी झाली. आम्ही तिच्याभोवती उभे राहिलो. कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं. काही झालं नाही. शिवा म्हणाला, “चला, दवाखान्यात जाऊ,” आणि त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

पण जाणार कसं? गाडीच्या नाकापुढचं दिसत नव्हतं. शिवा गोगलगायीच्या चालीनं गाडी चालवत होता. मी पुढे बसून खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं आणि ‘डावीकडे घे, दगड आहे, सावकाश’ असं ओरडत होते. चष्म्यावर पाणी साचत होतं, ते पुसावं तर रस्ता सुटत होता. मागे मधुरा अव्वांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मला तिच्याकडे वळून बघायचं धैर्य नव्हतं. खरं सांगते, रस्ता बघायचं काम मिळालं म्हणून मला बरं वाटत होतं. आणि तशीच, पाठ करूनच मी म्हणाले, “मधुरा, काहीतरी चांगलं आठव बघू. आजच्या चांगल्या गोष्टी सांग.”

“आई, गप्प बस!”

ती माझ्यावर कधी ओरडत नाही. मी डोकं आत घेतलं.

“चांगल्या गोष्टी मला सांगता येतात गं. कितीही सांगीन. मला भीती सांगता येत नाही कुणाला. तुला सांगितली तर तू म्हणतेस तसा विचार करू नको. अव्वांना सांगितली तर त्या म्हणतात देवावर सोड. शिवाला सांगितली तर तोच रडतो. मग मी कुणाला सांगू? मला रोज ती डबी दिसते. त्या पोरीच्या अंगावरची. एवढीशी होती. ती मी महिनाभर गळ्यात घातली होती, रोज तिच्याशी बोलत होते, आणि मग ती मातीत गेली. आता परत बांधली की हे बाळही त्या डबीचं होईल. मला परत नाही द्यायची ती कुणाबरोबर. मला नाही बांधायची.”

गाडी सरकत होती. मी मागे वळले, आणि मला अव्वा दिसल्या. त्यांनी गळ्यातली डबी उघडली होती. ना पाणी, ना भस्म, ना बेल. लिंग डाव्या तळहातावर घेतलं होतं, आणि तो हात असा थरथरत होता की ते खाली पडेल म्हणून त्यांनी उजव्या हातानं डावा हात घट्ट धरून ठेवला होता. पहाटे पाटावर बसणाऱ्या शांत बाईचा तो हात नव्हता. किंवा रोजच तो असाच थरथरत असेल आणि मी लांबून बघत असल्यामुळे मला कळलं नसेल.

अव्वा मोठ्यानं बोलल्या नाहीत. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

“मला काय भ्या वाटत न्हाय व्हय गं? तुझ्याइतकंच वाटतंय. त्या येळंला तिच्यासंगं देव गेला म्हणून मी जगलो. एवढ्याशा लेकराला मातीत एकटं कसं ठिवायचं? औंदा काय वंगाळ झालं, आन् डबी न्हाई बांधलेली… मग हे एकटंच जाईल की गं. त्याला कोण हाय तितं? म्हणून म्हणतोय मी बांध. चांगलं व्हावं म्हणून न्हवं, पोरी. एकटं पडू न्हाय म्हणून.”

मी इतकी वर्षं समजत होते की श्रद्धा म्हणजे सगळं नीट होईल याची खात्री. माझ्या आनंदवर्गाची थोडी जुनी, भस्म लावलेली आवृत्ती. ही बाई तर सर्वांत वाईट काय होईल ते आधीच बघून आली होती आणि तिथेही कुणी सोबत असावं एवढंच मागत होती. आणि माझी मुलगीही तेच बघून आली होती. त्या जागेकडे पाठ करून बसलेली एकटी मीच होते.

मी पुढच्या सीटवरून हात मागे टाकला आणि मधुराचा पाय धरला. म्हणाले, “मलाही भीती वाटते. खूप वाटते. मी रोज नळ सोडून रडते.”

“माहीत आहे,” मधुरा म्हणाली. “भांडी एवढी कोण धुतं?”

घाट उतरून धुक्याच्या खाली आलो. शेतं दिसायला लागली, दुकानं दिसायला लागली. शिवानं वेग वाढवला. कोल्हापूरच्या वेशीवर एका गतिरोधकावर गाडी आदळली, शिवानं स्वतःलाच एक शिवी घातली, आणि मधुरा ताडकन उठायला गेली.

“थांबा! थांबा, थांबा… लाथ मारली.”

शिवानं भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. एका ट्रकवाल्यानं आमच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. अव्वांनी खिडकीची काच खाली घेतली आणि त्याला तेवढ्याच ताकदीनं उत्तर दिलं. मग काच वर करून त्या रडायला लागल्या.

दवाखान्यात बाळाचे ठोके ऐकवले. मशीनमधून आवाज येत होता, टपटप टपटप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ठीक आहे, पण लक्ष ठेवा. ‘पण’ हा शब्द आम्ही तिघींनीही बरोबर घरी आणला.

सीमेकडचा मठ

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा पूजेला बसल्या होत्या. मधुरा आपणहून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. पूजा आटोपल्यावर अव्वांनी देवघरातली नवी डबी उचलली, जराशी पुसली आणि विचारलं, “माझ्या गळ्यात ऱ्हाऊ दे काय?”

मधुराला कळलं नाही. मलाही.

“बाळाच्या नावची बांधायची, पर माझ्या गळ्यात. बाळ आलं की त्याची त्याला. तुला ती बघायला नको, आन् लेकरूबी एकटं नको. भ्यायचंच हाय तर मी भितो की तुझ्या वाटचं.”

मधुरानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती हो म्हणाली की नाही, मला ऐकू आलं नाही. माझा चहा गार झाला होता.

पण असं चालतं का? बाळाचं लिंग आजीनं बांधून घ्यायचं, हे कुणी केलेलं नव्हतं. अव्वांच्या माहेरच्या बाजूला त्यांच्या स्वामींचा मठ आहे. शिवा मधुराजवळ थांबला आणि आम्ही दोघी विहिणी एसटीनं निघालो. जसजसं दक्षिणेला जावं तसतशी भाषा बदलत जाते. कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टर ‘व्हय, न्हाय’ करत होता; तासाभरानं बाया एकमेकींना ‘अक्का, अक्का’ करत चढल्या आणि मला निम्मं कळेनासं झालं. पाट्या मराठीच होत्या, पण वास तंबाखूचे यायला लागले. अव्वांनी वाटेत भडंग घेतलं आणि माझ्या पदरात ओतलं. मी म्हटलं, “स्वामी नाही म्हणाले तर?” त्या म्हणाल्या, “मग म्हणू देत.”

मठ साधा. दगडी ओटा, चिंचेचं झाड, आत थंडगार अंधार. स्वामी वयानं आमच्यापेक्षा लहानच होते. अव्वांनी पाया पडून सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून चष्मा काढला, पुसला, परत घातला. “असं पूर्वी कुणी केलेलं नाही, अव्वा,” ते म्हणाले. “पोटातल्या बाळाचं आईच्याच अंगावर पाहिजे. नियम तसा आहे. आम्हाला मोठ्या स्वामींना विचारावं लागेल.”

“इचारा की. पर मी इचारायला न्हाय आलो, सांगायला आलो,” अव्वा म्हणाल्या. “तुमी बांधलं तर तुमच्या हातानं, न्हाईतर मी माझ्या हातानं बांधणार. मागल्या खेपंला मी माझ्या हातानंच सोडलंय.”

स्वामी चिंचेच्या झाडाकडे बघायला लागले. मला त्यांची दया आली, कारण परवापर्यंत मीही अशीच माझ्या नियमांना धरून बसले होते. शेवटी त्यांनी पाणी मागवलं, भस्म मागवलं. मंत्र म्हणताना ते एकदा अडखळले. अव्वांच्या गळ्यात जुन्या डबीशेजारी ती नवी, चकचकीत, लहान डबी आली. त्यांनी दोन्हींवर हात ठेवून पाहिला. परतीच्या वाटेवर झोप लागली तरी तो हात तिथून हलला नाही.

त्या रात्रीपासून आम्ही संध्याकाळचा कार्यक्रम बदलला. चांगल्या गोष्टी सांगायच्याच, पण त्याआधी ज्याला जी भीती वाटली असेल ती मोठ्यानं सांगायची. मधुरा सांगायची, शिवा सांगायचा. अव्वा तर अशा मोठ्यानं सांगायच्या की खाली दुकानात गिऱ्हाईक वर बघायचं. भीती कमी झाली का? नाही. पण जेवणं नीट व्हायला लागली.

आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं, म्हणून मला परतावं लागलं. बाळंतपणाच्या तारखेच्या आधी परत येते, असं कबूल करून निघाले. जिन्यात अव्वांच्या पाया पडले तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. “आवो, काय हे? विहिणी-विहिणी हाय आपण!”

डोंबिवली

तारखेला अजून बराच अवकाश होता. यांच्या डोळ्यात औषध घालत होते, तेवढ्यात शिवाचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा चेहरा ओला होता. “आई,” एवढंच म्हणाला. “आज पहाटेच… तुम्हाला कळवायला जमलं नाही… थांबा, अव्वाकडे देतो.”

फोन हातातून हातात गेला. छत दिसलं, भिंत दिसली, आणि मग नेहमीसारखा अव्वांचा गळा.

त्या गळ्यात एकच डबी होती. जुनी.

बाळाच्या नावची डबी त्या गळ्यातून दोनच कारणांनी निघू शकत होती. त्यातलं एक मी पाहिलेलं होतं. “अव्वा,” मी म्हटलं, “डबी कुठंय?” आणि त्यांना ऐकू जाईना. त्या नुसत्या ‘आं? आं?’ करत होत्या आणि तो गळा वरखाली होत होता. माझा हात असा थरथरायला लागला की मी दुसऱ्या हातानं तो धरला. मी चांगलं काही आठवायचा प्रयत्न केला नाही. मी नुसतं म्हणत राहिले, “एकटं नको. एकटं नको.”

फोन गर्रकन फिरला. पांढरी चादर, मधुराचा दमलेला हात, आणि त्या हाताखाली लालबुंद, सुरकुतलेलं, रागावलेलं असं काहीतरी. त्याच्या दुपट्यावर काळ्या दोऱ्यातली लहानशी डबी. ती वरखाली होत होती. मग ते तोंड उघडून असं काही किंचाळलं की आमचे हे डोळ्यावरची पट्टी धरून खुर्चीतून उठले.

“बघिटलासा का वं?” अव्वा कोल्हापुरी आवाजात विचारत होत्या. “विहीणबाई! आवो, बोला की! फोन जरा वर धरा, नुसता गळाच दिसतोय तुमचा!”